सावरगाव शोधताना

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींच्या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात आणि गल्लीबोळांतून लेकरं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याची भेट, मागतात. त्याच दिवशी तिथून शंभरेक किलोमीटरवर, सातपुड्याच्या कुशीत, जाम नदीच्या पात्रात पळसाचं एक झाड रोवलेलं असतं. शेंड्याला झेंडा बांधलेला असतो. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. झाड रोवायचा मान सावरगावचा, आणि ते तोडून चंडीमातेच्या देवळात नेऊन पोचवायचं हा पांढुर्ण्याचा पण. मधल्या पाण्यावरून दिवसभर दगड उडतात. भाद्रपद शुद्ध प्रतिपदेच्या या खेळाला गोटमार म्हणतात. राज्य मध्य प्रदेश असलं तरी गोटा आणि मार हे दोन्ही शब्द मराठीच. दर साली शेकडो माणसं जखमी होतात, काही साली जीवही गेले आहेत. जमावबंदीचे हुकूम निघतात, मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू देऊनही पाहिले गेले, पण दगड थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो येतात, संध्याकाळच्या बातम्यांत दोन मिनिटं दिसतात आणि विषय मिटतो. फक्त इंटरनेटवर मिटत नाही. पांढुर्ण्याच्या जोडीला सावरगाव हा शब्द टाकून शोधलं की वर्षाच्या कोणत्याही दिवशी समोर येते ती गोटमार. संत्र्यांच्या आणि कपाशीच्या या मुलखातलं एक गाव उरलेले ३६४ दिवस काय करतं, हे मात्र कुठे सापडत नाही.

दोष दगडांचा, की लोकांच्या चवीचा, की शोधयंत्राचा? माझ्या मते या तिघांहून मोठा दोष साक्षीच्या अभावाचा आहे. एखादं नाव यादीत वर येतं ते दुसऱ्या कुणीतरी त्याची साक्ष दिली म्हणून. स्वतःच्या नावाचा डांगोरा पिटून ते फार काळ वर राहत नाही. हे तत्त्व गुगलने शोधलेलं नाही, त्याने ते उसनं घेतलं. त्यामुळे ‘वेबसाइट वर आणायची तर सचोटीने आणि कसदार लिहा’ हा सल्ला भाबडा वाटत असला, तरी तो त्या यंत्राच्या घडणीतूनच निघतो. सावरगाव आणि त्याच्या आसपासचा मुलूख या गोष्टीचा चांगला पुरावा आहे, कारण इथे दोन्ही प्रकारची उदाहरणं हाताशी आहेत: नीट लिहिल्यामुळे जगभर पोचलेली नावं, आणि न लिहिल्यामुळे एका दिवसात अडकलेलं नाव.

आधी नावाचीच गोष्ट घेऊ. सावरगाव शोधायचं म्हटलं तर पहिला प्रश्न येतो तो ‘कोणतं सावरगाव?’ बीड जिल्ह्यात भगवानबाबांचं सावरगाव घाट आहे, जुन्नर तालुक्यात एक सावरगाव आहे, आणि पांढुर्ण्याच्या शेजारी नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यातही एक आहेच. त्यात लिहिण्याचा घोळ. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिणेचे सौंसर, पांढुर्णा हा मराठी बोलणारा मुलूख त्याच्यासोबत राहिला. पुढे १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. महाराष्ट्रात ‘गांव’चं ‘गाव’ झालं. नदीपलीकडच्या नव्हे, पण सीमेपलीकडच्या हिंदी पाट्यांवर मात्र ‘गांव’ तसंच राहिलं, कधी ‘सांवरगांव’ असं दोन ठिपक्यांनिशी. एका फेररचनेने आणि एका शुद्धलेखनाच्या नियमाने मिळून एकाच गावाची दोन नावं करून ठेवली. रोमन लिपीत व्ही आणि डब्ल्यूचा खेळ आहे तो वेगळाच. माणसाला या ठिपक्याने काही फरक पडत नाही. अक्षराला अक्षर जुळवून पाहणाऱ्या यंत्राला मात्र ती दोन वेगळी गावं वाटत, आणि आज यंत्रं बरीच शहाणी झाली असली तरी लहान गावांच्या बाबतीत अजून गोंधळतात.

ठिपका तरी डोळ्यांना दिसतो. त्याहून मोठी अडचण दिसतच नव्हती. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे, पण आपल्या कचेऱ्या, छापखाने आणि वर्तमानपत्रांच्या वेबसाइटी पुढची कितीतरी वर्षं आपापल्या खासगी फॉन्टवर चालल्या. महाराष्ट्रात श्रीलिपी, शिवाजी आणि त्यांची भावंडं होती, हिंदी पट्ट्यात कृतिदेवाचं राज्य होतं. कृतिदेवात ‘सावरगाव’ टंकलं की पडद्यावर देखणी देवनागरी उमटते, पण संगणकाच्या पोटात मात्र एल, के, ओ, जे, एक्स, के, ओ अशी सात रोमन अक्षरं साठतात. स साठी एल, काना म्हणजे के, व साठी ओ, र साठी जे, ग साठी एक्स. शोधयंत्र पडदा पाहत नाही, ते पोट वाचतं. त्याच्या लेखी त्या पानावर सावरगाव नावाचं काही नव्हतंच, होती ती निरर्थक अक्षरांची एक माळ. या काळात मराठीत आणि हिंदीत जे हजारो मजकूर अशा फॉन्टांत चढले, ते लिहिलेले असूनही शोधणाऱ्यासाठी न लिहिल्यासारखेच होते. आजही गावाची माहिती फोटोच्या रूपात किंवा स्कॅन केलेल्या कागदाच्या रूपात चढवली जाते, तेव्हा थोड्या फरकाने तेच घडतं.

मराठीला हा अनुभव नवा नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले. त्यामागे परक्यांपासून ते राखण्याचा हेतू होता आणि तो फार चांगला साधला. इतका, की मराठी गद्याचा आरंभकाळच शतकानुशतकं मराठी वाचकाच्या नजरेआड राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांनी त्या लिपीची उकल केली, तेव्हा कुठे मराठी वाङ्मयाचा इतिहास मागे सरकला. पण त्याच पंथाने दुसरीही एक गोष्ट करून ठेवली आहे, आणि आपल्या विषयाला ती जास्त जवळची आहे. ‘स्थानपोथी’ हा चौदाव्या शतकातला ग्रंथ. पंथाचे प्रवर्तक चक्रधर जिथे जिथे राहिले, बसले, जेवले त्या स्थानांची ती नोंदवही आहे: कोणत्या गावाच्या कोणत्या दिशेला कोणतं देऊळ, त्याचं दार कुणीकडे, तिथून पुढची जागा कुठे. भक्ताला ते स्थान पुन्हा सापडावं एवढाच तिचा उद्देश. वर्णनात भक्ती आहे, पण भपका नाही. आज इतिहासकार जुन्या मराठी गावांची नावं आणि देवळं शोधताना या पोथीकडे वळतात. सहाशे वर्षांनी वाचणाऱ्याच्या सोयीसाठी ती लिहिलेली नव्हती, शेजारच्या भाविकाच्या सोयीसाठी होती, आणि म्हणूनच ती सहाशे वर्षं कामी आली. उपयोगी मजकूर कशाला म्हणतात हे सांगायला मला याहून चांगलं मराठी उदाहरण माहीत नाही.

इंग्रजांनी हेच काम राज्यकारभारासाठी केलं. १८५४ साली नागपूरच्या भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि १८७० साली चार्ल्स ग्रँटचं मध्य प्रांताचं गॅझेटियर नव्या आवृत्तीत बाहेर पडलं. त्यात मध्य प्रांताची गावं, नद्या, डोंगर वर्णक्रमाने लावलेले होते. वर्णक्रमात एक न्याय असतो, तो कुणाला मोठा-लहान करत नाही, आणि एक दुबळेपणाही असतो, कारण तो शहाण्याला आणि लबाडाला सारखंच वागवतो. पुढे पाश्चात्त्य शहरांतल्या टेलिफोनच्या डिरेक्टऱ्यांत दुकानदारांनी आपल्या नावामागे ए, ए, ए लावून पहिल्या पानावर जागा पटकावली, ती याच दुबळेपणाचा फायदा घेऊन. यादी आली की यादीत वर येण्याची युक्तीही आली. म्हणजे शोधयंत्रासाठीच्या युक्त्यांचा धंदा इंटरनेटने जन्माला घातला हे खरं नाही.

वर्णक्रमाला तोड निघाली ती विज्ञानाच्या ग्रंथालयात, आणि तिचं कामकाज पाहायला सावरगावपासून फार लांब जावं लागत नाही. छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलां हे एक लहान गाव. सौंसर तालुक्यातलं मोहगाव हवेली ते हे नव्हे. लाव्हाच्या थरांच्या मध्ये सापडलेल्या तिथल्या गारगोटीसारख्या दगडांत काही कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती जशाच्या तशा दगड होऊन बसल्या आहेत, पार फळाच्या आतल्या बियांसकट. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानींनी इथल्या एका कोड्यात टाकणाऱ्या फळाला ‘एनिग्मोकार्पॉन पारिजाई’ असं नाव दिलं आणि १९४३ च्या निबंधात त्याचं सविस्तर वर्णन केलं. दगड कुठला, छेद कसा घेतला, काय दिसलं आणि काय दिसलं नाही, सगळं त्यात आहे. नंतर या विषयावर लिहिणाऱ्या कुणालाही या निबंधाचा हवाला दिल्याशिवाय पुढे जाता येईना. असे हवाले साठत गेले आणि मोहगाव कलां हे नाव पुरावनस्पतिशास्त्रात जगभर पोचलं. सौंसरचंही तसंच. लुईस ली फर्मर या भूगर्भशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांतातल्या मँगनीजच्या साठ्यांचा बारकाईने अभ्यास केला, आणि मँगनीज बाळगणाऱ्या प्राचीन खडकांच्या एका मालिकेला सौंसरचं नाव मिळालं. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत पसरलेला तो खडक आज ‘सौंसर समूह’ म्हणून ओळखला जातो. हे तालुक्याचं गाव जगाच्या नकाशावर न सापडणाऱ्या भूगर्भशास्त्रज्ञालाही सौंसर हा शब्द ठाऊक असतो. या दोन्ही गावांनी आपली जाहिरात केली नव्हती. कुणीतरी तिथे जाऊन, पाहून, खरं लिहिलं, आणि दुसऱ्यांनी त्या लिहिण्यावर भरवसा ठेवला.

हवाल्यांची ही साखळी मोजता येईल हे माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफील्ड यांनी ओळखलं. १९५५ साली त्यांनी विज्ञानातल्या अवतरणांची सूची करण्याची कल्पना मांडली आणि १९६४ पासून ती सूची छापून येऊ लागली. कोणत्या निबंधाने कोणाचा आधार घेतला हे कळलं की कोणता निबंध वजनदार ते कळतं. १९९८ साली स्टॅनफर्डच्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या शोधयंत्राचा आराखडा मांडला, तेव्हा त्यांनी हीच कल्पना वेबपानांना लावली आणि तसं स्पष्ट लिहिलंही. एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे साक्ष, आणि ज्याला स्वतःला बऱ्याच जणांची साक्ष आहे त्याच्या साक्षीचं वजन जास्त. आपल्या गावगाड्यात पंचांपुढे कुणाचा शब्द किती चालतो हे जसं ठरायचं, तसंच. त्याआधीची बहुतेक यंत्रं पानावर एखादा शब्द किती वेळा आला ते मोजत, म्हणजे पान स्वतःबद्दल काय म्हणतं यावर विसंबत. गुगलने मात्र दुसरे काय म्हणतात ते विचारलं. त्याच लेखात या दोघांनी हेही लिहून ठेवलं आहे की जाहिरातींवर पोसलेलं शोधयंत्र जाहिरातदारांच्या बाजूला झुकणार. पुढे ते यंत्र जाहिरातींवरच उभं राहिलं. या विसंगतीचा हिशेब पुढे करावाच लागेल.

साक्षीला किंमत आली की खोटे साक्षीदारही उभे राहतात, हे कोर्टाच्या आवारात वावरलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आधी पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवण्याची लबाडी चालली. पानाच्या पोटात ‘कीवर्ड’ची लांबलचक यादी कोंबायची रीत इतकी बोकाळली की गुगलने २००९ साली सांगूनच टाकलं, ही यादी क्रमवारीसाठी आम्ही पाहतच नाही. लिंका विकत मिळू लागल्या, एकमेकांना लिंका देण्यासाठीच शेकडो ओसाड वेबसाइटी उभ्या राहिल्या. २००६ साली बीएमडब्ल्यूच्या जर्मन वेबसाइटने यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरं दाखवल्याचं उघड झालं आणि तिला यादीतून काढण्यात आलं. २०११ साली जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीसाठी पेरलेल्या लिंकांचं जाळं एका वर्तमानपत्राने उघड केलं, आणि एका सणाच्या हंगामात सगळीकडे पहिली दिसणारी ती कंपनी काही दिवसांत कितीतरी पानं मागे गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या ‘पांडा’ नावाच्या बदलाने इथूनतिथून उचललेल्या पातळ मजकुराला खाली ढकललं. अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. एप्रिल २०१२ मधल्या ‘पेंग्विन’ने बनावट लिंकांना गाठलं. मार्च २०२४ मध्ये गुगलने, यादी भरण्यासाठी घाऊक प्रमाणात पाडलेला मजकूर गैर ठरवला, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. या पंचवीस वर्षांच्या इतिहासात दर वेळी एक नवी युक्ती निघाली, काही काळ चालली आणि पकडली गेली. युक्तीचं आयुष्य ती उघडकीला येईपर्यंतच, कारण तिच्यामागे खरी साक्ष नसते. खऱ्या मजकुराला असं काही लपवायचंच नसतं.

आता गोटमारीकडे परत येऊ. या प्रथेच्या उगमाची एक गोष्ट नेटवर सतत भेटते. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावच्या मुलीला पळवून नेलं, नदीत दोघांना दगडांनी गाठलं, त्यांची आठवण म्हणून हा खेळ. दुसरी गोष्ट सांगते की भोसल्यांचं सैन्य इथे दगडफेकीचा सराव करायचं. वय कुठे तीनशे वर्षं सांगितलेलं असतं, कुठे चारशे. आता हे आकडे जरा तपासून पाहा. रघुजी भोसले देवगडच्या गोंड राज्याच्या कारभारात शिरले ते १७४० च्या आसपास. मग प्रथा चारशे वर्षांची असेल तर ती भोसल्यांच्या सैन्याची नाही, आणि भोसल्यांच्या सैन्याची असेल तर ती पुरती तीनशे वर्षांचीही भरत नाही. तरीही एकाच पानावर या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सुखाने नांदतात, कारण लिहिणाऱ्याने त्या दुसऱ्या पानावरून उचलल्या आणि त्याने तिसऱ्यावरून. पन्नास पानांवर तेच वाक्य असणं म्हणजे पन्नास साक्षी नव्हेत. ती एकच साक्ष पन्नास वेळा वाजवलेली आहे. दंतकथा सांगू नये असं मी म्हणत नाही. ती दंतकथा म्हणून सांगावी, कोण सांगतं आणि कोणत्या काठावर सांगतं ते नोंदवावं. झाड कोण तोडून आणतं, पूजा कशी होते, झाड कधी तुटलं आणि कधी समेटाने दिलं, जखमींवर कुठे उपचार होतात, गावातले कोण या प्रथेच्या विरोधात बोलत आले आहेत, अशा साध्या, पाहून लिहिता येणाऱ्या गोष्टींचं एकच पान त्या पन्नास पानांना भारी पडेल.

यावर पहिला आक्षेप येणार तो लोकांच्या चवीचा. लोकांना दगडच पाहायचे असतात, यंत्र मागणीप्रमाणे माल पुढे करतं, त्यात तुमचं शहाणं पान कोण उघडणार? हे अर्धं खरं आहे. पोळ्याच्या त्या दोन दिवसांत बातमीशी कुणीच स्पर्धा करू शकत नाही आणि करूही नये. पण बाकीच्या वर्षात लोक वेगळंच विचारतात: सोयरिकीसाठी आलेलं स्थळ कोणत्या सावरगावचं, संत्र्याची वाडी कुठे, नागपूरहून जायचं कसं, आता जिल्हा कोणता. अशा प्रश्नांना नीट उत्तरच लिहिलेलं नसलं की यंत्र हाताशी असलेलं पुढे सारतं, आणि हाताशी असतात ते दगड. शिवाय गोटमारीबद्दल शोधणाऱ्यालाही ‘हे का होतं’ हे खरोखर कळून घ्यायचं असतं. सनसनाटी मजकूर वर असतो तो बऱ्याचदा त्याच्याशी टक्कर द्यायला कुणी आलंच नाही म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: सचोटीने लिहिणारे मागे पडतात आणि लबाड पुढे जातात, हे आम्ही रोज पाहतो. मी हे नाकारणार नाही. गेल्या काही वर्षांतल्या बदलांत, विशेषतः २०२३ च्या शरद ऋतूनंतर, मेहनतीने चालवलेल्या कितीतरी लहान वेबसाइटींचे वाचक अचानक आटले, अशा तक्रारी जगभरातून आल्या. जाहिरातींवर पोसलेल्या यंत्राबद्दल त्याच्या निर्मात्यांनी १९९८ सालीच इशारा दिला होता, तोही इथे आठवतो. सचोटी हा पहिल्या क्रमांकाचा विमा नाही, आणि तसा विमा विकणारा माणूस बहुधा तोच, जो पूर्वी लिंका विकत होता. पण सहानींचा १९४३ चा निबंध कोणत्याही शोधयंत्रासाठी लिहिलेला नव्हता. त्या काळी संगणकच जेमतेम जन्माला येत होता. तरी आज तो सापडतो आणि वाचला जातो, कारण त्याची किंमत एका यंत्राच्या लहरीवर अवलंबून नाही. यंत्रासाठी लिहिलेला मजकूर त्या यंत्राच्या पुढच्या बदलाबरोबर मरतो. माणसासाठी लिहिलेला मजकूर बदलातून धडपडत का होईना, पुन्हा वर येतो. व्यवहाराच्या भाषेत सांगायचं तर पहिला नफा आहे आणि दुसरी पत.

तिसरा आक्षेप आजचा आहे. आता लोक पानं उघडतच नाहीत, कृत्रिम बुद्धिमत्ता सरळ उत्तर देते, मग पान लिहायचं कशाला? पण हे उत्तर आकाशातून पडत नाही. ते कुणीतरी लिहिलेल्या पानांतूनच गोळा होतं. ज्या गावाबद्दल एकच गोष्ट पन्नासदा लिहिलेली आहे, त्याबद्दल यंत्र तीच गोष्ट एक्कावन्नाव्या वेळी आणि अधिक ठामपणे सांगणार. पूर्वी चुकीच्या पानाशेजारी निदान बरोबर पान दिसायची शक्यता होती. आता एकच परिच्छेद दिसतो. म्हणजे पाहून लिहिलेल्या साक्षीची गरज कमी न होता उलट वाढली आहे.

चौथा आक्षेप भाषेचा. जिल्हा मध्य प्रदेशात, कारभार हिंदीत, मग मराठीत कुणासाठी लिहायचं? हिंदीत जरूर लिहावं, दोन्ही स्पेलिंगांनिशी लिहावं. पण केवळ हिंदीत गोटमार ही एक एकाकी, विचित्र गोष्ट होऊन बसते, कुठल्याशा गावातला वेडाचार. मराठीत तिला लगेच सोयरे मिळतात: तोच पोळा, तीच प्रतिपदा, तोच तान्हा पोळा, इडापिडा घेऊन जाणारी तीच नागपूरची मारबत. एका ऋतूतल्या एका मुलखाच्या प्रथांमध्ये ती कुठे बसते हे तेव्हा दिसू लागतं. तिचं समर्थन त्यातून होत नाही, पण ती समजायला वाट मिळते. सीमा आखताना १९५६ साली जे नातं कागदावर तुटलं, ते शोधाच्या यादीत जोडण्याचं काम भाषा करू शकते.

इथे एक सावधगिरी हवी. गावाचं नाव चांगलं करायचं म्हणून दगड लपवायचे, जखमींचा उल्लेख टाळायचा, गोडगोड पानांचा ढीग चढवून बातम्या खाली दाबायच्या, हाही एक धंदा आहे आणि पैसे घेऊन तो करणारे पुष्कळ आहेत. त्या मागे जाल तर कृतिदेवाच्या फॉन्टासारखंच होईल: पडद्यावर देखणं, आत निरर्थक. प्रामाणिक पानात गोटमार असणारच, मृत्यूही असणार. फरक एवढाच, की त्या पानावर ती गावाच्या आयुष्यातला एक दिवस असेल, गावाचं सगळं आयुष्य नव्हे.

असं पान कसं असावं, याचं उत्तर स्थानपोथीने देऊन ठेवलं आहे. गाव कुठे, नदी कोणती, देऊळ कोणत्या दिशेला. त्यात आजची थोडी भर घालायची: मजकूर युनिकोडात, फोटोत नव्हे; शीर्षकात गावाचं नाव, तालुका आणि जिल्हा; आत सावरगाव, सावरगांव आणि रोमन रूपं; लिहिणाऱ्याचं नाव, लिहिल्याची तारीख; ऐकलेलं ते ‘ऐकलं’ आणि पाहिलेलं ते ‘पाहिलं’ म्हणून वेगळं; मोबाइलवर पटकन उघडेल असं साधं पान. मग गावची शाळा, शेजारचं कॉलेज, नागपूरचा एखादा अभ्यासक त्याचा हवाला देईल, आणि तो हवाला विकत घ्यावा लागणार नाही. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा आहे, सौंसर तालुक्यासह. तरी सावरगावचा जिल्हा छिंदवाडा सांगणारी कितीतरी पानं अजून तशीच उभी आहेत. सावरगावात राहणाऱ्या, लिहिता येणाऱ्या कुणीही सुरुवात या एका दुरुस्तीपासून करावी. पुढच्या पोळ्याच्या आत एवढं पान लिहून झालं तरी पुरे.